ट्रकला शेक

डिझेलचं इंजिन कुणाकडून काडी लावून घेत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, त्यासाठी प्लग लागतो, कॉइल लागते. डिझेलला यातलं काही नको. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरने १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये ते नीट चालवून दाखवलं, तेव्हापासून त्याचा हा बाणा आहे. हवा आत घ्यायची, सोळा-अठरा पट दाबायची, दाबामुळे ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपणहून पेटतो. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड का तापतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यापुढे काही सांगायला नको. ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, बोटी, जगातला सगळा जड कारभार या स्वावलंबी इंजिनावर चालतो. ओझं ओढण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. फक्त त्याच्यापुढे थंडीचं नाव काढू नये.

थंडी म्हणजे पुण्याची नव्हे. पुण्यात पहिला स्वेटर बाहेर निघाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात शेकोटीचा फोटो येतो. मी म्हणतोय ती विनिपेगची थंडी, जिथे मी राहतो. विनिपेग ही कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताची राजधानी. जमीन सपाट, डोंगर नाहीत, त्यामुळे उत्तरेकडून निघालेल्या वाऱ्याला वाटेत थांबून विचार करायला जागाच नाही. जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमान उणे २०च्या आसपास असतं. हे सरासरीचं झालं. एखादी रात्र चुकून उणे १०वर थांबली, तर तिची भरपाई करायला उणे ३०ची रात्र येणारच. १८७९ साली नाताळच्या आदल्या दिवशी इथे उणे ४७.८ अंशांची नोंद झाली होती, आणि विनिपेगकर तो आकडा दशांशासकट सांगतात. २०१३च्या ३१ डिसेंबरला तर इथल्या संग्रहालयाने जाहीरच करून टाकलं, की आज आपलं शहर मंगळापेक्षा थंड आहे. क्युरिऑसिटी गाडीने त्या सुमारास मंगळावर उणे २९पर्यंत पारा चढलेला मोजला होता, इथे उणे ३१ होतं. तुलना जराशी लबाडीची होती, कारण मंगळाची रात्र कुणी हिशेबात धरली नाही, ती उणे ८०च्याही खाली जाते. पण तेवढ्या बातमीवर गावाने पुढचा आठवडा फार खुशीत काढला.

थंडीच्या गप्पांत इथे आणखी एक आकडा चालतो, तो वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा. रेडिओवर आधी खरं तापमान सांगतात, मग हे जाणवणारं, आणि लोक ऑफिसात जाऊन दुसराच सांगतात, कारण तो मोठा असतो. इंजिनाला मात्र ही बढाई कळत नाही. त्याला कातडी नाही. वाऱ्याने ते लवकर गार होईल, पण थर्मामीटरवर जेवढं आहे त्याच्या खाली काही जाणार नाही. माझ्या ओळखीतल्या प्रामाणिक मंडळींत मी पार्क केलेल्या गाडीचा नंबर बराच वर लावतो.

तर अशा रात्री अंगणात उभ्या असलेल्या ट्रकच्या आत काय चाललेलं असतं, ते बघा. साडेचारशे-पाचशे किलो ओतीव लोखंड बाहेरच्या हवेइतकं गार पडलेलं. तेल इतकं घट्ट झालेलं की पंपाला ते ओढता ओढवत नाही. बॅटरीची ताकद उणे १८लाच निम्म्यावर येते, त्याखालचं विचारू नका. आणि नेमका त्याच वेळी स्टार्टरला एरवीपेक्षा जास्त जोर हवा असतो. इंजिन रेंगाळत फिरतं. रेंगाळल्यामुळे दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते, आणि जी उरते तिची ऊब सिलिंडरच्या गार भिंती खाऊन टाकतात. फवारा येतो, पण पेटत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर तेवढा निघतो, तो न जळलेल्या डिझेलचाच. कुणाकडून काडी लावून न घेण्याचा बाणा इथे संपतो. आणि तिथेच एका साध्या वायरचं काम सुरू होतं.

या वायरीला इकडे ब्लॉक हीटर म्हणतात. खरा हीटर आत असतो, वायर फक्त बाहेर दिसते. इंजिनाचा ब्लॉक ओतताना आतला वाळूचा गाभा काढण्यासाठी बाजूंना भोकं ठेवलेली असतात, ती नंतर पत्र्याच्या गोल बुचांनी बंद करतात. त्यातलं एक बूच काढून तिथे विजेचं एलिमेंट बसवायचं, ते आतल्या कूलंटमध्ये बुडून राहतं. तापलेलं कूलंट वर सरकतं, गार खाली येतं, आणि कुठलाही पंप न लावता सगळ्या ब्लॉकभर हळूहळू ऊब पसरते. लहान मोटारींना चारशे वॅटचं एलिमेंट पुरतं, डिझेल पिकअपला साडेसातशे ते साडेबाराशे, आणि मोठ्या ट्रकना दीड हजार. वायरीचं दुसरं टोक पुढच्या जाळीतून बाहेर काढून ठेवतात. संध्याकाळी घरातून एक्स्टेन्शन आणायची आणि त्यात ते खुपसायचं, एवढंच काम. सकाळी इंजिन काही हाताला चटका लागेल असं होत नाही. बाहेर उणे ३० असताना आत शून्याच्या थोडंफार वर असलं तरी डिझेलचं भागतं. त्याला उन्हाळा नको असतो, नुसता गारठ्याचा दात बोथट करून हवा असतो.

डिझेल तेलाचं दुखणं निराळं, आणि हीटरचा त्याच्यावर इलाज नाही. डिझेलमध्ये मेण असतं. गारठ्यात त्याचे कण होतात आणि गाळणीत तुंबतात. आपल्या भारतीय मानकात गाळणीतून जाण्याची जी मर्यादा दिली आहे, ती हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश. म्हणजे नाशिकला मे महिन्यात भरलेली टाकी इथे सप्टेंबरच्या एखाद्या पहाटेलाच मान टाकू शकते. म्हणून इकडच्या पंपांवर ऋतूप्रमाणे डिझेल बदलतं, हिवाळ्याचं वेगळं. भारतातही लडाखसाठी २०१९च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल निघालं, ते पानिपतच्या रिफायनरीतून जातं. त्याआधी तिकडचे ड्रायव्हर टाकीखाली जाळ करत. डिझेलच्या टाकीखाली जाळ, हे वाचायलाही भीती वाटते, पण उणे २५ला माणसाची भीतीची व्याख्याही गोठत असावी.

जाळ ही तशी या विषयातली सर्वांत जुनी युक्ती. उत्तर कॅनडा आणि अलास्कात विमानं नेणारे पूर्वीचे वैमानिक संध्याकाळी उतरले की आधी इंजिनातलं तेल डब्यात काढून घेत आणि तो डबा झोपडीत नेऊन चुलीशेजारी ठेवत. सकाळी इंजिनावर कॅनव्हासचा तंबू घालायचा, आत स्टोव्ह पेटवायचा, आणि तंबूला आग लागू नये म्हणून एकाने तिथेच बसून राहायचं. इंजिन तापलं की चुलीवरचं गरम तेल आणून ओतायचं आणि लगेच पंखा फिरवायचा. शेतकरी बॅटरी काढून घरात आणत. बायको, मुलं, कुत्रं आणि बॅटरी एका छपराखाली झोपत.

या सगळ्या खटाटोपातून सुटका करणारा माणूस होता अँड्र्यू फ्रीमन, इथून दक्षिणेला, सीमेपलीकडच्या नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सचा. त्याने सिलिंडर हेड आवळणाऱ्या बोल्टांपैकी एक काढून त्याच्या जागी बसेल असा विजेचा हीटर बनवला, आणि १९४९ साली त्याला पेटंट मिळालं. फ्रीमनचं पोट कशावर चालायचं, तर तो ग्रामीण भागाला वीज पुरवणाऱ्या सहकारी संस्थेचा व्यवस्थापक होता. दिवसभर वीज विकणाऱ्या माणसाला रात्रीही विजेचं गिऱ्हाईक शोधून काढावंसं वाटलं, यात मला तरी नवल वाटत नाही. आपल्याकडेही श्रीरामपूरच्या बाजूला मुळा-प्रवरा नावाची वीज सहकारी संस्था होती. तिथे थंडी पडली असती तर हा शोध कदाचित नगर जिल्ह्याच्या नावावर जमा झाला असता.

माझ्या शेजारी एक आजोबा राहतात. गहू आणि कॅनोला पिकवण्यात आयुष्य गेलं, आता शेत मुलाकडे आणि स्वतः शहरात. शेत सोडलं, ट्रक सोडला नाही. त्यांच्या डिझेल पिकअपचं बॉनेट पहिल्यांदा उघडलेलं पाहिलं आणि इंजिनावर कमिन्सचं नाव दिसलं, तेव्हा मी नको इतका भारावलो. त्यांना सांगितलं, की ही कंपनी आमच्या पुण्यात १९६२पासून आहे, कोथरूडला. आजोबांनी 'असं का' म्हणून मान हलवली. इंजिनाचं आडनाव ओळखीचं निघालं म्हणून एवढं काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. पण परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला बर्फातल्या बॉनेटखाली कोथरूड भेटतं तेव्हा काय होतं, ते कुणाला इंग्रजीत समजावून सांगायचं?

आजोबांचा ट्रकला झोपवण्याचा एक क्रम आहे. रात्रीच्या बातम्या संपल्या की ते टोपी घालून बाहेर येतात. आधी टायरवर एक लाथ, ती कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. मग जाळीसमोर पुठ्ठा, वारा आत शिरू नये म्हणून. मग वायर. प्लगवर रबरी टोपण असतं, ते हातमोजा घालून निघत नाही, आणि हातमोजा काढला की पंधरा सेकंदांत बोटं परकी होतात. म्हणून आजोबा टोपण दातांनी ओढतात. पिनांवर बर्फाचा चुरा बसलेला असतो, तो फुंकतात. मग प्लग बसवतात, एक्स्टेन्शनच्या टोकातला बारीक दिवा लागलेला बघतात, आणि तरी विश्वास न ठेवता कान जाळीपाशी नेऊन उभे राहतात. पाचेक मिनिटांत आतून सूंऽऽ असा आवाज यायला लागतो, एलिमेंटभोवतीच्या कूलंटचा. तो ऐकू आला की आजोबा एकदा बॉनेटवर थाप मारून घरात जातात. हा माणूस घरात कुणाच्या पाठीवर हात ठेवताना मला कधी दिसला नाही. बायकोशीही ते मोजकंच बोलतात. ट्रकशी बोलतात की नाही, ते इतक्या अंतरावरून ऐकू येत नाही.

एक्स्टेन्शनची वायर हा इथे चारचौघांत बोलायचा विषय आहे. स्वस्तातली घेतली तर ती पहिल्याच कडाक्यात ताठ होते. खुंटीवर ज्या आकारात टांगली होती त्याच आकारात हातात येते आणि वेटोळं सोडायला तयार होत नाही. चांगली वायर उणे ४०लाही मऊ राहते आणि तशी किंमतही घेते. उणे ४०चं एक बरं आहे, सेल्सियसमध्ये मोजा नाहीतर फॅरेनहाइटमध्ये, आकडा तोच. एरवी मापांवरून एकमेकांना हसणारे अमेरिकन आणि कॅनेडियन इथे पोचल्यावर नाइलाजाने सहमत होतात.

मी टायमर लावतो. कॅनडा सरकारचा ऊर्जा विभागही तेच सांगतो, की गाडी काढायच्या दोनेक तास आधी हीटर चालू झाला तरी पुरे. मोठ्या डिझेलला तीन-चार तास द्यावेत. हजार वॅटचा हीटर तीन तास म्हणजे तीन युनिट. मॅनिटोबात नद्या मुबलक, बहुतेक सगळी वीज पाण्यावरची, घरगुती दर युनिटला दहा सेंटांच्या आसपास. म्हणजे तीस सेंटांत काम. आजोबा रात्रभर लावतात. मी एकदा त्यांना हिशेब करून दाखवला, की बारा तासांचे बारा युनिट होतात, त्यातले नऊ फुकट जातात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टायमर अडकला तर पहाटे उठून बघणार कोण? वीज स्वस्त आहे, झोप महाग." हिशेबाच्या बाजूने माझंच खरं होतं, पण पुढे काय बोलावं ते सुचलं नाही.

आमच्या गल्लीत गेल्या हिवाळ्यात एक तरुण जोडपं राहायला आलं, कुठल्याशा उबदार गावाहून. त्यांनी डिझेल ट्रक घेतला, हीटर बसवून घेतला, चांगली वायर आणली, सगळं शास्त्रशुद्ध. मग डिसेंबरात घराला नाताळच्या दिव्यांची माळ लावली, दारात फुगवलेला भलाथोरला सांताक्लॉज उभा केला, तोही विजेच्या पंख्यावर फुगणारा. आणि हे सारं बाहेरच्या एकाच सॉकेटवर. इथली वीज १२० व्होल्टची, म्हणजे हजार वॅटचा हीटर एकटाच आठ अँपियरच्या वर ओढतो, आणि त्या सर्किटची धाव पंधरा अँपियरपर्यंत. मध्यरात्री कधीतरी ब्रेकर पडला. सकाळी सांताक्लॉज पायरीवर चपटा होऊन पडलेला, माळ विझलेली, आणि ट्रक पांढऱ्या धुराच्या उचक्या देतोय. गल्लीतले लोक आपापल्या खिडकीतून पाहत होते. मग कॉफीचे मग घेऊन एकेक जण बाहेर आला, प्रत्येकाने आपापलं मत दिलं, आणि शेवटी आजोबांनी बॅटरीला बॅटरी जोडायच्या केबल काढल्या. इंजिन लागल्यावर आजोबांनी त्या मुलाला सल्ला दिला, "दोघांतला एकच ठेव." मुलाने त्याच दुपारी सांताक्लॉज उतरवला.

याच्या उलटा प्रकार म्हणजे गाडी सुरू होते, तापते, निघते, आणि वायर काढायची राहून जाते. सिग्नलला एखाद्या ट्रकच्या पोटाखालून पाचपंचवीस फूट पिवळी वायर फरपटत येताना दिसली, की मागचे लोक हॉर्न वाजवतात. इथे हॉर्न वाजवणं असभ्य समजतात, पण या कामासाठी चालतो. ड्रायव्हर खाली उतरतो, वायर गोळा करतो, कुणाकडे न पाहता आत टाकतो. सगळे न पाहिल्यासारखं करतात. ज्याने पाहिलं त्याचीही पाळी कधीतरी येऊन गेलेली असते.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, सकाळी गाडी अर्धा तास चालू करून ठेवली की झालं. एक तर चालू व्हायलाच ती तयार नसते, हीच मूळ अडचण. आणि दुसरं म्हणजे विनिपेग २००४च्या सुमारास गाड्यांच्या चोरीसाठी देशभर बदनाम होतं. धूर सोडत, किल्लीसकट, मालक घरात चहा घेतोय अशी उभी गाडी म्हणजे चोराला निमंत्रणपत्रिकाच. नंतर गाड्यांना चोरीविरोधी यंत्रं बसली आणि चोऱ्या पुष्कळ घटल्या, पण गाडी चालू ठेवून आत जायची सवय जुन्या लोकांना पुन्हा काही लागली नाही.

बिल्डिंगांच्या पार्किंगमध्ये प्रत्येक जागेपुढे एक खांब आणि त्यावर सॉकेट असतं. काही ठिकाणी वीज सतत देत नाहीत, थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद, थंडी वाढली की चालूची वेळ वाढते. यामुळे एकाच पार्किंगमध्ये काही गाड्यांच्या वायरींचे दिवे लागलेले आणि काहींचे विझलेले दिसतात. थोड्या वेळाने उलट. नवीन भाडेकरूला वाटतं, शेजाऱ्याला वीज मिळते आणि आपल्याला नाही. मग तो तक्रार करायला खाली जातो, तोवर त्याचा दिवा लागलेला असतो. सोसायटीच्या पाण्याच्या वेळांवरून जे भांडण आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याची ही कोरडी आवृत्ती ऐकताना मला घरी आल्यासारखं वाटतं.

माझे मामा निफाडजवळ द्राक्षं पिकवतात. महाराष्ट्रात थंडीचा विषय निघाला की निफाडचं नाव पहिलं येतं, त्यामुळे थंडीबद्दल दुसऱ्या कुणी बोललेलं मामांना फारसं खपत नाही. व्हिडिओ कॉलवर त्यांना मागे अंगणातला ट्रक दिसला.

"काय रे, ती वायर कशाची?"

"ट्रकला लावलीय, मामा. इंजिनात हीटर आहे."

"हीटर तर आमच्या जिपड्यालाही होता. किल्ली अर्धी फिरवून हीटर मारायचा, दिवा विझला की स्टार्टर."

"तो वेगळा. तो सिलिंडरात, मिनिटभराचा. हा बाहेरच्या विजेवर, तीन-चार तास. आत पाण्यात बुडालेला असतो."

"किती वॅटचा?"

"हजार."

"मग सरळ सांग ना, बादलीतला रॉड आहे!" मामा खूष झाले. "एवढं इंग्रजी कशाला?"

खरोखर, याहून नेमकं वर्णन मी कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलेलं नाही. मग ते त्यांच्या बागेवर आले. पारा चार-पाचावर उतरला की मण्यांची फुगवण थांबते, पिकत आलेले मणी तडकतात. म्हणून रात्री बागेत ओळीओळीने शेकोट्या पेटवायच्या, धूर धरायचा, आणि पहाटे बोअरचं पाणी सोडायचं, कारण जमिनीतलं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. पाणी सोडायचं तर वीज हवी, आणि शेतीची वीज कुठल्या आठवड्यात दिवसा आणि कुठल्या आठवड्यात रात्री, ते वेळापत्रकावर. "तू टायमर लावून झोपतोस, मी बॅटरी घेऊन बागेत फिरतो," मामा म्हणाले. यात तक्रार कमी आणि मोठेपणा जास्त होता. उणे ३०ला ट्रक सांभाळणाऱ्या भाच्यापुढे ४ अंशांतली बाग तसूभरही कमी पडू नये, एवढी खबरदारी त्यांनी घेतली. आणि खरं सांगायचं तर ती कमी नाहीच. ट्रक लागला नाही तर मी बसने जातो. मामांचे मणी तडकले तर तडकले.

मागून मामींचा आवाज आला, "ट्रकला शेक देतोस ते ठीक आहे. तुझे कान कुठे बांधलेत?"

आता गल्लीत एक नवा पेच उभा राहिला आहे. आजोबांच्या नातवाने विजेवर चालणारा पिकअप घेतला, आणि शहरात नोकरी लागल्यामुळे तो आजोबांकडेच राहायला आला. मोठा चार्जर अजून बसायचाय, तोवर भिंतीवरचं साधं सॉकेट. त्यावर गाडी तासाला जेमतेम चार-पाच किलोमीटर चालण्याइतकी भरते, म्हणजे नातवाला सबंध रात्र हवी. थंडीत तिचा पल्ला आणखी घटतो, म्हणून रात्रीच्या वर थोडी सकाळही. आजोबांचा डिझेल तर याच सॉकेटवर रात्रभर झोपत आला आहे. दोन्ही गाड्या एकदम लावल्या तर ब्रेकर पडतो, हे सांताक्लॉजच्या वेळी सगळ्यांनी पाहिलेलं.

नातवाने तोडगा सुचवला, की पहाटे तीनपर्यंत माझी गाडी, तीननंतर तुमचा ट्रक. तीन तास पुरतात, सरकारही तेच सांगतं. हे सांगताना तो माझ्याकडे बघत होता, मी खाली बुटावरचा बर्फ झटकत होतो. आजोबांनी विचारलं, तीनला वायर बदलायला कोण उठणार. नातू म्हणाला, तुम्ही तर पहाटेच उठता. आजोबा म्हणाले, मी पाचला उठतो. तीन ही पहाट नव्हे, ती रात्र. मग नातवाने विजेच्या गाडीचे फायदे सांगितले, तेल बदलायला नको, धूर नाही, गाळणी नाही, मेण नाही. आजोबांनी सगळं ऐकून एकच शंका काढली.

"म्हणजे ही जुलैतही लावायची?"

नातू हो म्हणाला. आजोबा बराच वेळ त्या गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्या टायरला एक लाथ मारून पाहिली आणि वायर आपल्या ट्रकला लावली. बोलणी अजून चालू आहेत.